झाकण नसलेली पेटी

कंटेनर जहाजाची रचना पाहायची असेल, तर ते सुक्या गोदीत अर्धे उभे राहिलेले असताना पाहावे. एकदा ते पाण्यात उतरले आणि त्यावर कंटेनरांचे थर चढले, की नजरेला पडतो तो बहुतांशी माल. जहाज त्याखाली झाकले जाते. गोदीत मात्र, क्रेनच्या उंचीवरून टिपलेल्या छायाचित्रात, ते वरून संपूर्ण उघडे दिसते. दोन्ही बाजूंच्या दुहेरी भिंती, दुहेरी तळ, ठरावीक अंतरावर उभ्या केलेल्या आडव्या भिंती आणि या सगळ्यांच्या मध्ये खोल, चौकोनी, रिकामे कप्पे. गेली कित्येक वर्षे मी अशी छायाचित्रे आणि त्याच प्रकारच्या जहाजांचे मध्यछेद, म्हणजे जहाज मधोमध आडवे कापले तर दिसेल त्याची रेखाचित्रे, शेजारी शेजारी ठेवून पाहत आलो आहे, आणि दर वेळी माझे लक्ष एकाच गोष्टीकडे जाते. इतर जहाजांना जिथे डेक असतो, तिथे या जहाजाला जवळजवळ काहीच नसते.

हा अभाव किती मोठा आहे, हे तेलवाहू जहाजाशी तुलना केल्यावर कळते. तेलवाहू जहाजाचा डेक हा तळाचा जोडीदार असतो. जहाज लाटेवर वाकते तेव्हा एक ताणला जातो आणि दुसरा दाबला जातो, आणि त्या दोघांना जोडणाऱ्या बाजूच्या भिंतींसह सगळे जहाज एका बंद पोकळ तुळईसारखे काम करते. कंटेनर मात्र वरून, क्रेनने, सरळ उभे खाली सोडावे लागतात, म्हणून डेकचा जवळजवळ सगळा मधला भाग कापून टाकावा लागतो. उरतात त्या दोन्ही कडांना लागून असलेल्या अरुंद पट्ट्या आणि दोन कप्प्यांच्या मधले आडवे पट्टे. हॅचवर, म्हणजे कप्प्याच्या उघड्या तोंडावर, जी झाकणे बसतात ती पाणी अडवतात आणि वरच्या कंटेनरांचा भार पेलतात, पण ती जहाजाच्या अंगाशी जखडलेली नसतात. जहाज पिळवटले की ती आपल्या आधारांवर सरकतात. म्हणजे ताकदीच्या हिशेबात ही पेटी झाकणाविनाच समुद्रात जाते. बुटांचा खोका झाकण काढून दोन्ही टोकांनी पिळून पाहिला, तर चौकोनी तोंड तिरके होऊन त्याचा एक कर्ण लांब व दुसरा आखूड होतो. तिरप्या लाटांवर चालणाऱ्या कंटेनर जहाजाच्या प्रत्येक हॅचच्या तोंडाचे हेच होते, आणि हॅचच्या कोपऱ्यांत भेगा पडू नयेत म्हणून त्या कोपऱ्यांची गोलाई, जाडी आणि वेल्डिंग यांवर आराखडा करणाऱ्यांचे फार मोठे कष्ट खर्च होतात.

या जहाजांची मापे ठरतात ती मुळात कंटेनरच्या मापाने. कंटेनरची रुंदी ८ फूट, म्हणजे सुमारे २.४४ मीटर. पनामा कालव्याच्या जुन्या जलपाशांतून सुमारे ३२.२ मीटर रुंदीचेच जहाज जात असे, त्यामुळे डेकवर १३ रांगा ही दीर्घकाळ मर्यादा होती. १९८८ मध्ये एका अमेरिकी कंपनीने ३९.४ मीटर रुंदीची जहाजे बांधून ही मर्यादा जाणीवपूर्वक सोडली, आणि त्यानंतर रुंदी एकेका रांगेने वाढत गेली. २०१३ च्या मर्स्कच्या ‘ट्रिपल ई’ वर्गात २३ रांगा आणि ५९ मीटर रुंदी होती. २०१९ च्या ‘एमएससी ग्युलसुन’मध्ये २४ रांगा आणि ६१ मीटरांहून अधिक रुंदी आली. २४ ला २.४४ ने गुणले की साडेअठ्ठावन्न मीटर होतात; रांगांमधली फट आणि कडेची जागा धरली की जहाजाची रुंदी हाती येते. इतका सरळ हिशेब मोठ्या यंत्ररचनांत क्वचितच पाहायला मिळतो.

लांबीची कथा वेगळी आहे, आणि मला ती अधिक बोलकी वाटते. २००६ मध्ये डेन्मार्कमध्ये बांधलेले ‘एम्मा मर्स्क’ ३९७ मीटर लांब होते आणि आजच्या मोजणीने त्याची क्षमता सुमारे १५,००० टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरांच्या हिशेबात पंधरा हजार, होती. २०२३ मध्ये चीनमध्ये बांधलेले ‘एमएससी इरिना’ २४,३४६ टीईयूचे आहे, आणि त्याची लांबी ३९९.९ मीटर. सतरा वर्षांत क्षमता नऊ हजारांहून अधिक वाढली आणि लांबी अवघी तीन मीटर. वाढ झाली ती रुंदीत, उंचीत आणि आकाराच्या भरीवपणात. वेग कमी केल्यामुळे नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, आणि मागचा भाग पूर्वीइतके निमुळते ठेवण्याची गरज उरली नाही, त्यामुळे टोकांकडेही जास्त कंटेनर मावू लागले. लांबी ४०० मीटरांशी थबकण्यामागे बंदरांतील धक्के आणि जहाज वळवण्याची जागा ही कारणे आहेतच, पण आणखी एक कारण जहाजाच्या स्वतःच्या अंगात आहे. लांबी वाढली की वाकवणारा जोर तिच्याहून कितीतरी वेगाने वाढतो, आणि तो पेलायला वर डेक नसतो.

या वाकण्याचे स्वरूपही कंटेनर जहाजाच्या बाबतीत एकतर्फी असते. मधला भाग रुंद आणि भरीव, म्हणून तिथे पाणी जहाजाला जोराने वर उचलते. टोके निमुळती, म्हणून तिथे पाण्याचा आधार कमी, पण कंटेनरांचे वजन तिथेही असतेच. परिणामी शांत पाण्यातसुद्धा दोन्ही टोके किंचित खाली झुकतात आणि पाठ वर येते. याला होगिंग म्हणतात. अशा जहाजाचा वरचा काठ जन्मभर ताणात राहतो आणि तळ जन्मभर दाबात. लाटा त्यात फक्त भर घालतात किंवा थोडी सूट देतात. त्यातच दुहेरी तळाचे पोलाद भरपूर आणि वर मात्र केवळ दोन कडा, त्यामुळे वाकणाऱ्या तुळईचा मध्यअक्ष, म्हणजे जिथे ना ताण असतो ना दाब ती रेषा, तळाकडे सरकतो आणि वरचा काठ त्यापासून फार दूर पडतो. जितका दूर, तितका ताण अधिक.

म्हणून सगळे पोलाद त्या काठावर एकवटते. दुहेरी भिंतीचा माथा, डेकची अरुंद पट्टी आणि हॅचभोवतीची उभी कड, जिला कोमिंग म्हणतात, हे तिन्ही मिळून दोन्ही बाजूंना एकेक लांबच लांब पोलादी पेटी तयार होते. याच पेटीच्या पोकळीतून जहाजाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्याचा मार्गही असतो. सर्वांत मोठ्या जहाजांत कोमिंगच्या पत्र्याची जाडी १०० मिलिमीटरच्या आसपास जाते. पत्रा हा शब्द इथे अपुराच पडतो. इतक्या जाड पोलादाला स्वतःचा एक धोका असतो. जाडी वाढली की एखाद्या सूक्ष्म दोषापासून ठिसूळ भेग सुरू होऊन ती क्षणार्धात पुढे धावण्याची शक्यता वाढते, आणि अशी भेग डेकमध्ये उतरली तर जहाज दुभंगू शकते. जपानी पोलाद कारखाने आणि गोद्यांनी ४६० मेगापास्कल दर्जाचे अधिक बळकट पोलाद तयार केले, ज्यामुळे जाडी थोडी कमी ठेवता आली. त्याचबरोबर धावणारी भेग थांबवू शकेल असे पोलाद डेक आणि कोमिंगमध्ये कुठे वापरायचे याचे नियमही वर्गीकरण संस्थांच्या, म्हणजे जहाजांच्या बांधणीचे नियम करून ती तपासणाऱ्या संस्थांच्या, आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवले.

यातला एक उपाय मला त्याच्या साधेपणामुळे फार आवडतो. जहाज मोठमोठ्या ठोकळ्यांचे, ज्यांना गोदीत ब्लॉक म्हणतात, जोडून बनते. दोन ब्लॉक जिथे भेटतात तिथे कोमिंगचा सांधा आणि डेकचा सांधा एकाच रेषेत आला, तर वेल्डिंगमध्ये सुरू झालेली भेग सांध्याच्या वाटेनेच सरळ खाली उतरू शकते. म्हणून कोमिंगचा सांधा डेकच्या सांध्यापासून निदान ३०० मिलिमीटर बाजूला ठेवतात. भेग खाली आली की तिच्यासमोर सांधा येत नाही, अखंड आणि चिवट पोलाद येते. वीटकाम करणारा गवंडी उभे सांधे एकावर एक येऊ देत नाही, तीच ही दृष्टी.

काठाची इतकी काळजी घेतली जात असताना दोन मोठे धडे मात्र दाबात असलेल्या खालच्या भागाने दिले. जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीत वादळात सापडलेल्या ‘एमएससी नापोली’चा सांगाडा इंजिन कक्षाच्या पुढच्या भागात चेपला. तिथे पत्र्यामागच्या फासळ्यांची मांडणी लांबीच्या दिशेऐवजी आडवी होत होती, आणि आडव्या फासळ्यांमधला पत्रा लांबीच्या दिशेने आलेल्या दाबाखाली लवकर सुरकुततो. त्या काळच्या नियमांनुसार अशा सुरकुतण्याची तपासणी जहाजाच्या मधल्या चाळीस टक्के लांबीतच सक्तीची होती; इंजिन कक्ष त्याबाहेर होता. जहाज मोठे झाले, नाळ पसरट झाली, इंजिन कक्षाजवळचे जोर वाढले, पण तपासणीची सीमा जुनीच राहिली होती. या अपघाताचा चौकशी अहवाल मी अनेकदा वाचला आहे. कोणत्याही नियमाच्या मागे एक विशिष्ट आकाराचे जहाज गृहीत धरलेले असते, याचे इतके स्पष्ट उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही.

दुसरी घटना १७ जून २०१३ ची. सिंगापूरहून जेद्दाकडे निघालेले, अवघे पाच वर्षांचे ‘एमओएल कम्फर्ट’ येमेनपासून दूर हिंदी महासागरात मधोमध मोडले. त्यावरील सर्व २६ जण वाचले. दोन्ही अर्धे भाग काही दिवस तरंगत राहिले आणि नंतर वेगवेगळ्या दिवशी बुडाले. इथे तर मोडणे अगदी मध्यभागीच सुरू झाले होते, जिथे तपासणी नेहमीच कसून होते. तपासात पुढे आलेला मुद्दा असा की तळाच्या पत्र्यावर दोन दिशांचे भार एकत्र येतात. होगिंगमुळे लांबीच्या दिशेने दाब असतोच. शिवाय खालून वर ढकलणारे पाणी दुहेरी तळाला आडव्या दिशेने वाकवते, आणि त्यामुळे बाहेरच्या पत्र्यावर आणखी दाब येतो. दोन्ही स्वतंत्रपणे मोजले तर पत्रा पुरेसा वाटतो, एकत्र मोजले तर शिल्लक फार थोडी उरते. त्याच आराखड्याच्या इतर जहाजांच्या तळावरही सुरकुत्यांसारखे फुगवटे आढळले आणि ती जहाजे नंतर मजबूत करण्यात आली.

यानंतर २०१५ मध्ये वर्गीकरण संस्थांच्या संघटनेने कंटेनर जहाजांसाठी ताकदीचे स्वतंत्र नियम केले आणि जुलै २०१६ पासूनच्या करारांना ते लागू झाले. दोन्ही दिशांचे भार एकत्र धरून तळ तपासणे, संपूर्ण लांबीभर सुरकुतण्याची तपासणी करणे आणि मोठ्या जहाजांत व्हिपिंगचा विचार करणे, हा त्यांचा गाभा. पसरट नाळेवर लाट आदळली की जहाजभर जी थरथर उठते तिला व्हिपिंग म्हणतात. लोखंडी पट्टीचे एक टोक धरून दुसरे आपटल्यावर जशी ती हातात थरथरते, तसे चारशे मीटरचे जहाज थरथरते, आणि प्रत्येक थरथरीसोबत वाकवणारा जोर काही सेकंदांसाठी आधीच्या जोरावर चढतो. हल्ली गोदीत दिसणाऱ्या जहाजांच्या तळातील पोलाद या दोन अपघातांनंतरचे आहे, हे त्या छायाचित्रांकडे पाहताना मी विसरू शकत नाही.

रुंदीचेही मोल द्यावे लागते. रुंद जहाज सहसा उलटत नाही, पण ते गरजेपेक्षा जास्त स्थिर असते. किंचित कलले की पाणी त्याला जोराने सरळ करते, आणि हा झटका सर्वांत वरच्या थरातील कंटेनरांना सर्वांत जास्त बसतो. याशिवाय पसरट नाळ आणि सपाट, रुंद मागचा भाग यांमुळे लाटेचा माथा जहाजाच्या मध्याशी आला की स्थिरता घटते आणि खळगा आला की वाढते. लाटांचा ताल आणि जहाजाच्या हेलकाव्याचा ताल जुळला, तर समोरून येणाऱ्या लाटांतही जहाज बाजूंवर भयानक कलू लागते. १९९८ मध्ये प्रशांत महासागरात ‘एपीएल चायना’वर हेच घडले आणि शेकडो कंटेनर गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच महासागरात ‘वन ॲपस’ने खराब हवामानात १,८१६ कंटेनर गमावले. डेकवर रांगांच्या मध्ये जे पोलादी मचाण उभे असतात, लॅशिंग ब्रिज, ते प्रत्येक नव्या आराखड्यात उंच होत चालले आहेत, कारण कंटेनर बांधण्याचे दांडे जितक्या वरच्या थराला पोहोचतील तितकी रास घट्ट राहते. माझ्या मते मोठ्या जहाजांच्या रचनेत सर्वांत कमी समाधानकारकपणे सुटलेला प्रश्न हाच आहे.

ब्रिजची, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीची, जागा हीदेखील कंटेनरांच्या उंचीशी बांधलेली गोष्ट. ब्रिजवरून पाहताना नाळेपुढचा समुद्र जहाजाच्या दोन लांबींपेक्षा किंवा ५०० मीटरांपेक्षा, जे कमी असेल त्यापेक्षा, जास्त अंतरापर्यंत कंटेनरांआड लपता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ब्रिज मागे असेल तर पुढच्या राशी बुटक्या ठेवाव्या लागतात. म्हणून मोठ्या जहाजांत राहण्याची इमारत पुढे आणि इंजिन व धुराडे मागे, अशी विभागणी रूढ झाली. याचा दुसरा लाभ असा की भर जहाजात दोन ठिकाणी बंद, भक्कम पेट्या मिळतात आणि पिळवटणाऱ्या जोराला त्या आवर घालतात. २०२४ मध्ये सेवेत आलेल्या ‘आन मर्स्क’ या १६,००० टीईयूच्या जहाजात तर संपूर्ण इमारत थेट नाळेवरच नेली आहे. मालाच्या मांडणीसाठी हे उत्तम आहे. पण जहाजाचे पुढचे टोक हेच सर्वांत जास्त वरखाली होते आणि लाटांचे तडाखे तिथेच बसतात; तिथे महिनोन्महिने राहणाऱ्या, झोपणाऱ्या खलाशांचा विचार मनातून जात नाही. मार्च २०१८ मध्ये अरबी समुद्रात ‘मर्स्क होनाम’च्या पुढच्या कप्प्यात लागलेली आग राहण्याच्या इमारतीपर्यंत पोहोचली आणि पाच जणांचे प्राण गेले. इमारत कुठे उभारायची आणि तिच्या शेजारच्या कप्प्यात काय ठेवायचे, हे दोन्ही प्रश्न एकाच कागदावर सोडवायला हवेत.

इंजिनाबद्दल थोडक्यात. लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ‘एम्मा मर्स्क’चे १४ सिलिंडरांचे इंजिन सुमारे ८० मेगावॅटचे होते, त्याहून मोठ्या ‘ट्रिपल ई’ जहाजांना प्रत्येकी सुमारे ३० मेगावॅटची दोन इंजिने पुरली, कारण त्यांचा वेग कमी ठेवला होता. नाळेखालचा पाण्यातला मोठा गोल फुगवटा हा एका ठरावीक वेगासाठी घडवलेला असे. वेग उतरल्यावर अनेक चालू जहाजांची नाळ कापून नवी बसवावी लागली. इंधन बदलल्याने मात्र आराखड्यात खरी उलथापालथ झाली आहे. २०२० च्या ‘सीएमए सीजीएम जाक सादे’मध्ये उणे १६२ अंश तापमानाच्या द्रवरूप नैसर्गिक वायूसाठी १८,६०० घनमीटरची टाकी आहे. मिथेनॉल साध्या तापमानाला ठेवता येते, पण तेवढ्याच ऊर्जेसाठी तेलाच्या दुपटीहून अधिक जागा घेते, आणि ही जागा शेवटी कंटेनरांच्याच वाट्यातून जाते.

पुन्हा गोदीकडे येतो. कारखान्यात वेगवेगळे बांधलेले ब्लॉक आतल्या पाइप, शिड्या आणि रंगासह तयार होतात, मग एकमेकांना जोडून त्यांचे आणखी मोठे ब्लॉक बनतात आणि हजार टनांहून अधिक भार उचलणाऱ्या, गोदीवर कमानीसारख्या उभ्या असलेल्या गोलायथ क्रेनने ते गोदीत उतरवले जातात. दक्षिण कोरियातील उल्सानच्या गोदीतली अशी एक क्रेन स्वीडनमधील माल्मो शहरातून सोडवून २००२ मध्ये तिथे नेलेली आहे. जाड कोमिंगचे उभे सांधे भरताना पोलादात प्रचंड उष्णता शिरते, आणि त्या उष्णतेने सांध्याशेजारचा भाग ठिसूळ होऊ शकतो, म्हणून तिथल्या वेल्डिंगची ध्वनिलहरींनी तपासणी करतात. उन्हाने डेक तापला की सगळे जहाज मिलिमीटरांच्या हिशेबात वाकते, त्यामुळे महत्त्वाची मोजमापे सूर्योदयापूर्वी, सर्व पोलाद सारख्या तापमानाला आलेले असताना घेतली जातात. प्रोपेलरच्या दांड्याची अंतिम जुळणीही जहाज तरंगू लागल्यावर पुन्हा तपासतात, कारण लाकडी ठोकळ्यांवर बसलेल्या जहाजाचा आणि पाण्यावरच्या जहाजाचा आकार तंतोतंत एक नसतो.

हे सारे कष्ट ज्यासाठी, ते कप्प्यांतले मार्गदर्शक खांब शेवटी बसतात. कप्प्यातल्या कंटेनरांच्या प्रत्येक राशीच्या चारही कोपऱ्यांत तळापासून हॅचच्या तोंडापर्यंत उभे पोलादी कोन असतात, आणि त्यांच्यामधून कंटेनर घसरत खाली जातो. दोहोंमधली फट काही सेंटीमीटरांचीच असते, आणि जहाजाची खोली सुमारे ३३ मीटर. कोन जरा वाकडा बसला, तर क्रेनवरचा कंटेनर मध्येच अडकेल. म्हणून जहाज सोपवण्यापूर्वी एक चाचणीचा कंटेनर दोरांना लटकवून एकेका कप्प्यात तळापर्यंत सोडतात आणि पुन्हा वर काढतात. कामगार हॅचच्या काठावर उभे राहून त्याच्या कोपऱ्यांकडे पाहत असतात, खाली गेलेला तो लालसर चौकोन लहान होत जातो, तळाला टेकल्याचा आवाज येतो, आणि क्रेन त्याला पुढच्या कप्प्यावर नेते.